परसातलं कुठलं लाकूड मासे-कोंबडी भाजायला आणि धुरीला चालतं?

माडाखालचा

नमस्कार मंडळी. दापोली तालुक्यातल्या आमच्या जुन्या घराची दुरुस्ती आत्ताच संपली. छपराचे वासे-रिपा उतरवल्या, दोन दारं बदलली, त्यामुळे पडवीत लाकडाचा ढीग पडलाय. सुताराने सोडलेले प्लायचे आणि सागाचे तुकडे गोणीभर आहेत, ते वेगळेच. परसात हापूसची जुनी कलमं, काजू, फणस, पेरू, एक चिंच. कुंपणाला ग्लिरिसिडिया आणि रस्त्याच्या बाजूला कण्हेर. यंदाच्या पावसात आंब्याची एक मोठी फांदी मोडून पडली, तीही तशीच पडून आहे.

भावाने लोखंडी पिंप उभा कापून, बिजागरी लावून बार्बेक्यू करून आणलाय. झाकण बसतं नीट. दिवाळीत सगळे गावी जमणार. बांगडे, सुरमई, कोंबडी निखाऱ्यावर भाजणार आहोतच, पण एक अख्खी कोंबडी झाकण लावून मंद धुरावर तीन-चार तास ठेवायचा विचार आहे. इंटरनेटवर बघावं तर सगळे हिकरी आणि सफरचंदाच्या लाकडाबद्दल बोलतात. ते दापोलीत कुठून आणू?

आई म्हणते, जन्मभर चुलीत मिळेल ते जाळलं, कुणाला काही झालं नाही. बायकोला मात्र काळजी आहे, कारण आमच्या मुलाला आंब्याच्या चिकाने तोंडावर पुरळ उठतं. वरच्यापैकी काय चालेल, काय नाही, आणि का, एवढं कुणी जाणत्याने सांगावं.

खाडीपट्टा

आई बरोबर बोलतात. आंब्याचं लाकूड आणि नारळाच्या करवंट्या, याच्यापुढे काय लागत नाही. आम्ही अलिबागकडे थंडीत पोपटी लावतो. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, मसाला लावलेली कोंबडी, अंडी. वरून पेंढा, झावळ्या, काटक्या, जे हाताला लागेल ते पेटवतो. आजवर पोट कुणाचं बिघडलं नाही. चिकनचे तुकडे ओवायला सळ्या नसतील तर कुंपणाची सरळ काठी तोडा, सोला, झालं.

वखारवाली

कुंपणाची काठी तोडू नका. बाकी सगळं सावकाश सांगते, पण हे आधी.

माडाखालचा, तुमच्या कुंपणाला कण्हेर आहे म्हणता. कण्हेरीची काठी हिरवी, सरळ आणि गुळगुळीत असते, सोलायला सोपी. सळईच्या जागी हात नेमका तिच्याकडेच जातो. कण्हेरीच्या मुळापासून फुलापर्यंत सगळ्यात विष आहे आणि ते हृदयाच्या ठोक्यांवर काम करतं. वाळली म्हणून ते जात नाही. तिच्या काडीला मांस ओवायचं नाही, तिची फांदी निखाऱ्यात टाकायची नाही, धुरातही उभं राहायचं नाही. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, तिलाही हेच लागू. सळ्या नसतील तर बांबूच्या काड्या घ्या, नाहीतर पेरूच्या.

आता आईंचं म्हणणं. त्या खोटं बोलत नाहीत, पण त्यांच्या चुलीवर टोप होता. धूर टोपाच्या बुडाला काजळी धरायचा, कालवणात उतरत नव्हता. पोपटीचंही तेच, शेंगा आणि कोंबडी मडक्यात पाल्याखाली बंद असतात, आग बाहेर. तुम्ही करणार आहात त्यात कोंबडी तीन-चार तास उघडी धुरात राहणार. धुरात जे असेल ते तिच्या कातडीवर आणि चरबीत बसणार. चुलीला चालणारं सगळंच जळण म्हणून धुरीला चालत नाही.

चिपळूणला आमची लाकडाची वखार आहे, सासऱ्यांच्या आधीपासूनची. जळाऊ लाकूडही असतं, इमारतीही. गिऱ्हाईक जळण मागायला आलं की सासरे वजनकाट्याकडे जाण्याआधी विचारायचे, "कशासाठी हवंय?" बंबासाठी, भट्टीसाठी, आचाऱ्यासाठी, प्रत्येकाला वेगळा ढीग. मीही तसंच विचारते. आणि आणखी एक विचारते, जे मला जातीपेक्षा मोठं वाटतं: या लाकडाला आजवर काय काय लावलं गेलंय? झाडाची जात ओळखता येते. पुसून गेलेलं औषध ओळखता येत नाही.

म्हणून तुमचे वासे आणि रिपा पहिल्यांदा बाद. कोकणात छपराच्या लाकडाला वाळवी लागू नये म्हणून काजूच्या टरफलांचं तेल चोपडायची रीत होती, होड्यांनाही तेच लावायचे. कुणी डांबर लावायचं, पुढे पुढे वाळवीची औषधं आली. चाळीस वर्षांच्या धुरा-काजळीखाली यातलं काय आहे ते बघून कळत नाही. दारांना ऑइलपेंट असेल तर जुन्या रंगात शिसं असायचं. शिसं जळून नाहीसं होत नाही, थोडं धुरात जातं, उरलेलं राखेत राहतं. तशी राख माडाच्या आळ्यात नाहीतर अळवात टाकायची आपल्याकडे सवय आहे, तेवढी करू नका.

प्लायचा तुकडा तर दिसायला लाकूड, आतून थरागणिक डिंक. तो डिंक फॉर्मल्डिहाइडच्या रसायनांचा. एमडीएफ, पार्टिकल बोर्ड, लॅमिनेट त्याच पंगतीत. सागाला विष नाही, पण तो तेलकट लाकडाचा, धूर कडवट. सागाच्या भुशाने कितीतरी सुतारांच्या अंगाला खाज सुटते. शिवाय गोणीतल्या कुठल्या तुकड्याला पॉलिश लागलंय ते आता कोण निवडत बसणार? सागाचे कोरे तुकडे बंबाला घाला, आंघोळीचं पाणी तापेल.

मुंबईच्या पावभट्ट्यांचं बातम्यांत वाचलं असेल. बऱ्याच भट्ट्या भंगारातलं लाकूड, जुनं फर्निचर जाळायच्या, कारण ते स्वस्त पडतं. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सहा महिन्यांत लाकूड-कोळसा सोडून गॅस किंवा तसल्या स्वच्छ इंधनावर यायला सांगितलं. तो निकाल शहराच्या हवेसाठी होता, पण भंगारातलं लाकूड म्हणजे काय हे त्यातून कळतं.

आता उभ्या झाडांकडे या. तुमच्या परसात दोन रत्नं आहेत, चिंच आणि पेरू. चिंचेचं लाकूड जड, निखारा टणक आणि टिकाऊ, लवकर राख होत नाही. खालची आग चिंचेची करा. पेरूच्या मनगटाएवढ्या फांद्या वाळवून, ढलप्या काढून, त्या धुरासाठी ठेवा. पेरूचा धूर हलका आणि गोडसर, कोंबडीला आणि सुरमईला छान बसतो. शेजारी कुणाकडे जांभूळ, चिकू, बोर यांची छाटणी पडली असेल तर मागून घ्या. बाभूळ मिळाली तर निखाऱ्याला चिंचेच्या तोडीची.

फणस हिरवा असताना चिकट चीक सोडतो, पण वाळला की बरा जळतो. त्याचा चीक विषारी नाही. मला मात्र फणसाचं लाकूड जाळताना हात आखडतो, त्याच्या फळ्या होतात.

काजू, आंबा आणि बिब्बा हे एकाच कुळातले, यावर जरा थांबते. बिब्ब्याचं तेल अंगाला लागलं की फोड येतात हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. काजूच्या टरफलातलं तेल त्याच जातीचं. काजूबिया विस्तवात भाजताना टरफल तडकून तेल उडतं, हात पोळतात, धूर नाकाडोळ्यांना झोंबतो, ते यामुळेच. टरफलं चांगली पेटतात म्हणून कुणी निखाऱ्यात टाकायला सांगेल, मुळीच टाकू नका. काजूचं लाकूडही मी खाण्याच्या धुराला देत नाही. आंब्याच्या चिकात आणि सालीत त्याच कुळातला सौम्य प्रकार आहे. खाडीपट्टा म्हणतात तसं आंब्याचं लाकूड घरोघरी जळतं, होमालाही आंब्याच्या समिधा वापरतात. साल काढलेलं, पुरतं वाळलेलं लाकूड धगधगीत निखारा होईपर्यंत जाळलं तर बहुतेकांना त्रास होत नाही. पण तुमच्या मुलाला चिकाने पुरळ उठतं. तो घरात असताना आंबा आणि काजू दोन्ही पिंपापासून लांब ठेवा. चिंच-पेरू दारात असताना ही जोखीम कशाला?

ग्लिरिसिडियाला आपल्याकडे उंदीरमारी म्हणतात, त्याचा पाला आणि साल उंदरांच्या विषासाठी वापरतात. वाळून चुलीत जळेल, टोपाखाली चालेल, उघड्या मांसाखाली नको. शेर, निवडुंग, रुई यांचा चीक डोळ्यांचा वैरी आहे, त्यांच्या काटक्या जळणात मिसळू देऊ नका. कडुनिंबाच्या धुराने मच्छर पळतात आणि मासा कडू होतो.

किनाऱ्याकडच्या लोकांसाठी आणखी दोन गोष्टी. सुरूचा निखारा उत्तम, पण किनाऱ्यावरची सुरूची बनं वनखात्याची आहेत, तिथली फांदी तोडू नये. आणि खाडीतलं कांदळवन तर अजिबात नाही. त्याला कायद्याचं संरक्षण आहे. शिवाय त्यात गेवा नावाचं झाड असतं, त्याचा चीक डोळ्यांत गेला तर काही काळ दिसेनासं होतं, धूरही डोळे जाळतो. वाळलेल्या ढिगात गेवा कुठला हे सगळ्यांना ओळखता येत नाही.

बार्शीचा_शेतकरी

ताई, माहिती लाख मोलाची. आमच्याकडे चिंच-पेरू कमी आणि वेडी बाभूळ रान भरून. हुरड्याच्या दिवसांत पुण्या-मुंबईची पाहुणे मंडळी येतात. हुरडा आम्ही आगटीत गोवऱ्यांवरच भाजतो, त्यात बदल नाही. पण रात्री त्यांना कोंबडी भाजून हवी असते. वेडी बाभूळ चालेल का? काटा वाईट आहे तिचा, म्हणून विचारतो.

ह्यूस्टनकर

बार्शीकर, तुमच्या रानातली ती बाभूळ इथे टेक्सासात पिशवीत भरून विकतात! इथलं मेस्किट आणि तुमची वेडी बाभूळ प्रोसोपिस या एकाच वंशातल्या, सख्ख्या बहिणी म्हणा. मूळच अमेरिकेतलं झाड, आपल्याकडे बाहेरून आणून लावलेलं. मी मूळचा सोलापूरचा. इथे पहिल्यांदा मेस्किटच्या निखाऱ्यावर भाजलेलं मांस खाल्लं तेव्हा वास ओळखीचा वाटला. माझ्या आजोळी चुलीत तेच जळायचं.

मेस्किट फार कडक तापतं आणि धूर उग्र देतं. त्यामुळे झटपट भाजायच्या गोष्टींना ते उत्तम, तासन् तास धुरीला मात्र चव कडवट होते. इथे मध्य टेक्सासात गाईच्या छातीचं मांस दहा-बारा तास धुरावर ठेवतात, ते पोस्ट ओक नावाच्या ओकवर. मेस्किट वापरायचं तर आधी वेगळं पेटवून निखारे करायचे आणि फावड्याने ते निखारे खाली ओढायचे. तुम्ही तसंच करा. काट्याच्या बारीक फांद्या सोडून द्या, जाड लाकूडच घ्या.

दोन-तीन इतर गोष्टी. ढलप्या पाण्यात भिजवायला सांगणारे खूप भेटतील. पाणी लाकडात फार आत शिरत नाही, आधी वाफ निघते आणि आग थंड होते, एवढंच. कोरड्याच वापरा. मालाच्या पेट्यांचं आणि पॅलेटचं लाकूड फुकट मिळतं म्हणून लोक आणतात. त्यावर शिक्का असतो. एचटी म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेली, एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली. एमबी तर हातही लावू नका. एचटी असलं तरी त्यावर आधी काय सांडलंय ते कोण सांगणार? शिवाय पेट्या बहुतेक पाइनच्या. पाइन, देवदार यांच्यात राळ भरपूर, काजळी धरते आणि अन्नाला टर्पेंटाइनसारखा वास लागतो.

हिरवट झाक असलेलं लाकूड दिसलं तर दूर राहा. तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या मिश्रणात मुरवलेलं लाकूड तसं दिसतं. इथे 2003 च्या अखेरीस घरगुती वापरासाठी ते बनवणं थांबवलं, पण जुन्या कुंपणांत आणि ओट्यांत अजून सापडतं. जाळलं की आर्सेनिक धुरात आणि राखेत येतं.

दुसरा_घास

मी पुण्यात अन्नतंत्रज्ञान शिकवते. वखारवाली ताईंच्या सांगण्याला थोडी भर घालते.

धुराचा जो वास आपल्याला आवडतो तो मुख्यतः लिग्निनमधून, म्हणजे लाकडाला कडकपणा देणाऱ्या घटकातून येतो. तापल्यावर त्यातून ग्वायकॉल, सिरिंगॉल अशी संयुगं निघतात. सिरिंगॉल रुंद पानांच्या झाडांच्या कठीण लाकडातून मिळतं, पाइनसारख्या लाकडात ते जवळजवळ नसतं. म्हणून चिंच, पेरू, ओक यांचा धूर भरलेला लागतो.

त्याच धुरात बेंझोपायरीनही असतं आणि ते माणसात कॅन्सर घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात आहे. युरोपीय संघाने धुरावलेल्या मांसासाठी त्याची मर्यादा सप्टेंबर 2014 पासून किलोला 2 मायक्रोग्रॅमवर आणली, आधी ती 5 होती. ते वाढतं दोन ठिकाणी: लाकूड हवेशिवाय धुमसत राहिलं तर, आणि चरबी निखाऱ्यावर ठिबकून भडका उडाला तर. बांगडा तेलकट मासा, त्याचा थेंब निखाऱ्यावर पडला की लगेच काळा धूर उठतो आणि माशावर काजळीचा थर बसतो. तेव्हा निखारे एका बाजूला, मासा दुसऱ्या बाजूला ठेवा, खाली पाण्याचा ताट ठेवलात तर आणखी बरं. काळी पडलेली कातडी खाऊ नका, लहान मुलांना तर देऊच नका.

माडाखालचा

सगळ्यांचे मनापासून आभार. खाडीपट्टा भाऊ, तुमच्या पोपटीला यायचंच आहे. कण्हेरीच्या काठ्या मुलं खेळायला तोडतात, आज सगळ्यांना बसवून सांगितलं.

वखारवाली ताई, तीन शंका. चिंचेची एक फांदी दोन वर्षांपूर्वी छाटली होती ती गोठ्यात आहे, पण पेरूचं वाळलेलं लाकूड नाही. आता तोडलं तर दिवाळीपर्यंत वाळेल का? पिंप आतून निळ्या रंगाचा आहे, तो जाळून घेतला की झालं का? आणि वर जाळी म्हणून चकचकीत पांढऱ्या पत्र्याची जाळी आणलीय, ती चालेल ना?

वखारवाली

गोठ्यातली चिंच सोनं आहे. दोन तुकडे एकमेकांवर आपटून बघा. वाळलेलं लाकूड टणत्कार करतं, ओलं धप्प वाजतं. टोकाला मध्यापासून बाहेर जाणाऱ्या भेगा दिसल्या पाहिजेत, साल नखाने सुटली पाहिजे. वखारीत आम्ही ओलावा मोजायचं यंत्र ठेवतो, वीस टक्क्यांच्या खाली आलं की मी आचाऱ्याला देते. गोठ्यातल्या लाकडावर पांढरी-हिरवी बुरशी आली असेल तर ते तुकडे बाजूला काढा. झटकून किंवा उन्हात टाकून बुरशीचं लाकूड खाण्याखाली चालत नाही.

पेरूच्या जाड फांद्या दिवाळीपर्यंत वाळणार नाहीत. कोकणातली हवा तुम्हाला ठाऊक आहे, मोठ्या लाकडाला निदान एक उन्हाळा लागतो. पण अंगठ्याएवढ्या फांद्या आज छाटल्या, साल काढली, वीतभर तुकडे उभे चिरले आणि पत्र्याच्या छपराखाली वारा लागेल असे पसरले तर कामापुरत्या वाळतील. जास्त लागतच नाहीत. कोंबडीला पहिला तासभर धूर पुरे, पुढे चिंचेचे निखारे नुसती धग देतात. नाही वाळल्या तर ओल्या घालू नका, त्यापेक्षा करवंट्या घाला. करवंटी आधी पेटवून लाल होऊ द्या. सोडणाचा, म्हणजे नारळाच्या बाहेरच्या तंतुमय सालीचा, धूर मात्र घशाला खवखवतो, ते पेटवणापुरतंच. रॉकेल, पेट्रोल, पिशव्या, दुधाचे पुडे यातलं काही पेटवायला नको.

धुराकडे बघायला शिका. सुरुवातीला पांढरा, दाट, डोळ्यांत पाणी आणणारा धूर निघतो, तेव्हा जाळीवर काहीच नको. लाकूड नीट पेटलं, खालची हवा खुली असली की तो विरळ होतो, निळसर, मागची झाडं आरपार दिसतात असा. कोंबडी तेव्हा ठेवायची. मधेच पुन्हा पांढरा झाला तर झाकण थोडं उघडा, लाकूड वाढवू नका. झाकण घट्ट बंद केलं की लाकूड गुदमरतं आणि दुसरा_घास ताई म्हणाल्या ते सगळं कोंबडीवर येऊन बसतं.

पिंपात काही भाजण्याआधी त्याचा रंग एकदा मोकळ्या जागी, वाऱ्याकडे पाठ करून, मोठी आग करून जाळा. मग तारेच्या ब्रशने घासून लोखंड उघडं करा, धुवा, आतून खाण्याचं तेल लावून पुन्हा तापवा. पण त्याआधी पिंपात काय होतं ते भावाला विचारा. खाण्याच्या तेलाचा असेल तर ठीक. कीटकनाशकाचा, सॉल्व्हंटचा, किंवा काय होतं ते माहीतच नाही असा असेल तर त्यात माती भरून पुदिना लावायलाही मी सांगणार नाही, परत द्या.

चकचकीत पांढरी जाळी जस्ताचा मुलामा दिलेली असते. निखाऱ्यावर जस्त तापून त्याचा धूर होतो, त्याने ताप येतो, छाती भरते. स्टीलची जाळी करून घ्या, नाहीतर साधी लोखंडी सळ्यांची.

आणि दिवाळीत अवकाळी पाऊस आला तर पिंप ओढून पडवीत किंवा खोलीत नेऊ नका. निखाऱ्याचा वास येत नसला तरी त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू बंद जागेत माणसाला झोपेतच घेऊन जातो. छत्री कोंबडीवर धरा, पिंप अंगणातच राहू दे.

चिंचेचं उभं झाड तोडायचा विचार कुणी पाहुण्याने काढलाच तर थांबवा. 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत चिंच, आंबा, फणस, जांभूळ ही झाडं आहेत, परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. छाटणीच्या फांद्या तुम्हाला दर वर्षी मिळतील, त्या यंदाच रचून ठेवा, पुढच्या दिवाळीला लागतील.

प्लायची गोणी आणि वासे भंगारवाल्याला द्या. बंबात घालू नका, आईंना तेवढं नक्की सांगा.